मा तूच्या गाडीवर

तिनं हेल्मेट माझ्यासमोर धरलं आणि मी एक पाऊल मागं सरले.

"साम," ती म्हणाली. त्यापुढं बरंच काही बोलली, घाईघाईनं, तिच्या भाषेत. मला त्यातलं 'साम' तेवढं कळलं. साम म्हणजे सम्मेद, माझा मुलगा.

"काय झालं समूला?" मी विचारलं.

तिनं स्वतःच्या खांद्यावर हात आपटला, मग कपाळावर. दोन्ही हात वर नेऊन काहीतरी अंगावर कोसळल्यासारखं दाखवलं. "हॉस्पिटल," ती म्हणाली. तेवढा एक शब्द आम्हा दोघींना कळणारा होता.

मी समूला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. तोवर तिनं गाडी गल्लीत काढून चालूही केली होती. माझ्या मुलाला काय झालंय, तो शुद्धीवर आहे की नाही, हे त्या बाईला माहीत होतं आणि मला नव्हतं. मनात पहिलं आलं ते हे, की फोन हिला का आला?

ही गोष्ट सायगॉनची. नकाशात त्या शहराचं नाव वेगळं आहे, पण तिथली माणसं सायगॉनच म्हणतात. समू तिथं कपड्यांच्या एका कारखान्यात होता. आमचे इचलकरंजीत माग आहेत, कापडातलं शिक्षणही त्यानं गावातच घेतलं, आणि मग माग सोडून इतक्या लांब गेला. चौथं वर्ष चालू होतं. दर दिवाळीला येतो म्हणायचा, आला दोनदाच. एकदा येऊन जा म्हणून त्यानंच बोलावलं होतं, पण मी गेले होते ती त्याला परत आणायला. जयसिंगपूरची एक मुलगी बघून ठेवली होती. निघताना ह्यांनी एवढंच सांगितलं होतं, "भांडू नको. पण त्याला घेऊनच ये."

समू त्या बाईच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचा. ती विधवा, वयानं माझ्याएवढी किंवा थोडी मोठी. अरुंद गल्लीत घर, खाली पुढच्या खोलीत कॉफीचं दुकान. दिवसभर फुलाफुलांचा पायजमा आणि तसल्याच कापडाचा सदरा घालून वावरायची. तिकडं माणसाला भावंडांतल्या क्रमानं हाक मारतात. ही 'तू', म्हणजे चौथी. गल्लीतली माणसं तिला वेगवेगळ्या नात्यांनी हाक मारायची. समू म्हणायचा 'मा तू'.

मी पोचले त्याच संध्याकाळी त्याला विचारलं होतं, "मा म्हणजे काय रे?"

तो बूट काढत होता. "आईच. पण तसं नाही गं. मोठ्या बाईला म्हणायची पद्धत आहे इकडं."

"मावशी म्हणायची पद्धत नाही?"

"आहे," तो म्हणाला. "पण मी मा म्हणतो."

त्यानंतरचे पाच-सहा दिवस मी त्या घरात जे जे बघत होते ते सगळं मला टोचत होतं. आम्ही जैन, मला धास्ती होती की पोरगं तिकडं मांसमच्छी खात असेल. खात नव्हतं. ती त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात रांधायची. मला बरं वाटायला पाहिजे होतं. त्याऐवजी ती ते भांडं कुठं ठेवते, त्यात काय घालते, हे मी बघत बसायची. मी भडंगाचा डबा उघडला तर ती लांबूनच हसून म्हणाली, "भडंग." त्यानं शिकवलेलं. मी तिच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसले की ती दारात उभी राहायची आणि मी उठले की माझ्यामागं गॅस तपासायची. सकाळी कारखान्याला निघताना समू मला "येतो आई" म्हणायचा आणि तिच्यापुढं नुसता उभा राहायचा. ती त्याची कॉलर सरळ करायची. मला ते बघवायचं नाही.

लग्नाचा विषय काढला की तो म्हणायचा, "बघू आई. थोडं थांब." आणि खाली जाऊन तिच्या दुकानातल्या ठेंगण्या स्टुलावर बसायचा. खालून दोघांचं बोलणं ऐकू यायचं. माझ्याशी दोन वाक्यं बोलणारा पोरगा तिच्याशी तासभर बोलायचा, तेही परक्या भाषेत. मला वाटायचं, हीच धरून ठेवतेय त्याला.

तर त्या दुपारी ती बाई हेल्मेट घेऊन उभी होती.

मी ते घातलं. मागं बसताना सवयीनं दोन्ही पाय एका बाजूला सोडले, तशी तिनं जोरात मान हलवली, खाली उतरली, आणि माझ्या निऱ्या गोळा करून गुडघ्यापर्यंत वर खोचल्या. भर गल्लीत. शेजारचा म्हातारा बघत होता. मी तिचा हात झटकला. तिनं पुन्हा खोचल्या. मग मी पुरुषासारखी पाय टाकून बसले. तिला हात लावायचा नाही असं ठरवून मागची लोखंडी कडी धरली.

"बस," ती म्हणाली. हाही समूनंच शिकवलेला शब्द.

गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागलो आणि मी कडी आणखी घट्ट धरली. मी इतके दिवस तो रस्ता टॅक्सीच्या काचेतून बघितला होता. काच नसली की तो वेगळाच असतो. डावीकडं, उजवीकडं, पुढं, मागं, जिथं बघावं तिथं मोटारसायकली. सगळ्यांच्या तोंडाला फडकी, नुसते डोळे दिसणार. माझा गुडघा शेजारच्या माणसाच्या गुडघ्याला घासत होता आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं. एकाच्या मागं आरसा लावलेलं कपाट बांधलं होतं. त्या आरशात मला क्षणभर मी दिसले, हेल्मेट घातलेली, साडी वर खोचलेली, आणि माझ्यापुढं तिची पाठ.

चौकात कुणी थांबत नव्हतं. चारी बाजूंनी गाड्या एकमेकींत शिरत होत्या. मागावर आडवा धागा घेऊन धावणारा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून जातो तशा त्या एकमेकींतून निघून जात होत्या. लग्न होऊन आल्यापासून मी मागाच्या आवाजात राहिलेय, पण धोट्यावर बसायची वेळ कधी आली नव्हती. एक बस आमच्या अंगावर आली. मा तूनं गाडी तिच्याच दिशेला घातली आणि शेवटच्या घटकेला बाजूला काढली. मी कडी सोडली आणि दोन्ही हातांनी तिच्या पोटाला मिठी मारली.

तिच्या अंगाला कॉफीचा आणि डोकेदुखीच्या बामचा वास येत होता. मी डोळे मिटून णमोकार म्हणायला लागले. मध्येच ती काहीतरी ओरडायची, मला की समोरच्याला ते कळायचं नाही. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा पुन्हा विचारत होते, "बरा आहे ना तो? सांग की. बरा आहे ना?" ती ज्या आवाजात उत्तर देत होती त्यावरून मी अंदाज बांधत होते. एकदा आवाज बारीक झाला, तेव्हा मी मिठी आणखी आवळली.

पुलाच्या अलीकडं सगळंच थांबलं. पुढं इंच हलत नव्हतं. वरून ऊन, खालून इंजिनांची धग. लोक गाड्या बंद करून फोन बघत होते. तिनं दोनदा मागं वळून बघितलं, मग गाडी सरळ फूटपाथवर चढवली. भाजीच्या टोपल्या, जेवायला बसलेली माणसं, एक झोपलेलं कुत्रं, सगळ्यांना हाका मारत ती त्यांच्यामधून निघाली. एक पोलीस हात करून पुढं आला. ती थांबली नाही. त्याच्याकडं बघून काहीतरी किंचाळली, आणि तो बाजूला झाला. तिनं काय सांगितलं असेल ते मला न सांगता कळलं. माझा मुलगा आहे, असं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चटया टाकून माणसं बसलेली. ती पुढं धावत होती, मी निऱ्या सोडत मागून. एका दाराशी नर्सनं अडवलं. नर्स एक बोट वर करून दाखवत होती. एकालाच आत सोडणार. मग तिनं काहीतरी विचारलं, आणि मा तूनं उत्तर दिलं. त्या उत्तरात तो शब्द होता. मा.

मी तिचा दंड धरला.

"ती नाही," मी नर्सला म्हणाले. "मी. मी आई आहे." छातीवर हात मारून सांगितलं. "आई. मी."

मा तूनं दंड सोडवायला बघितलं. मी सोडला नाही.

"चार वर्षं तुझ्या घरात राहिला म्हणून तुझा झाला नाही तो," मी म्हणाले. आवाज कधी चढला ते मला कळलं नाही. "माझ्या पोटचा आहे. फोन तुला, निरोप तुला, आणि आता आतही तूच जाणार? हो बाजूला."

व्हरांड्यातली माणसं माना वळवून बघायला लागली. मा तू माझ्याकडं बघत होती. तोंडावरचं फडकं तिनं खाली ओढलं होतं. मग तीही बोलली. मोठ्यानं, एका दमात, माझ्या तोंडासमोर बोट नाचवत. मला एक अक्षर कळलं नाही. बोलून झाल्यावर तिनं माझी बोटं एकेक करून दंडावरून सोडवली आणि दार ढकलून आत गेली.

मी बाहेर राहिले. परक्या देशात, परक्या भिंतीला टेकून. पलीकडं माझं पोरगं होतं आणि आत दुसरीच बाई त्याची आई म्हणून गेली होती. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. सासरी काय कमी सोसलं नव्हतं मी, पण असं कधी वाटलं नव्हतं की समोरच्या माणसाला धरून हलवावं.

ती लगेचच बाहेर आली. डोळे लाल. माझ्याकडं न बघता तिनं माझं मनगट धरलं, मला दाराच्या आत सोडलं आणि दार ओढून घेतलं.

समू बसलेला होता. बसलेला बघितला आणि मी तिथल्याच लोखंडी खुर्चीवर कोसळले. डोक्याला पट्टी, डावा हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. पण बसलेला.

"आई, तू गाडीवरून आलीस?"

"मग काय उडत येऊ?"

तो हसायला गेला आणि कळवळला. कापडाचे गठ्ठे रचलेले असतात, त्यांतले वरचे दोन घसरून अंगावर आले होते. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, डोक्याला टाके पडले होते. रात्रभर ठेवून घेणार, सकाळी सोडणार.

"फोन तिला का केला?"

"मी नाही केला. कारखान्यात तिचा नंबर दिलाय. आई, इकडं काही झालं तर इचलकरंजीला फोन करून काय होणार?"

ते खरं होतं. मी त्याच्या पायावरची चादर नीट केली. ती आधीच नीट होती.

"तुमचं भांडण आतपर्यंत ऐकू येत होतं," तो म्हणाला.

मी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"असं बोलायचं नव्हतंस तिला."

"आणि ती काय बोलली मला? ती काय कमी बोलली? बोट नाचवत होती तोंडासमोर."

त्यानं बांधलेला हात मांडीवर नीट घेतला. मला वाटलं, सांगणार नाही.

"ती म्हणाली, माझ्याकडं आता दोन आठवडे राहिलेत," समू म्हणाला. "त्यानंतर जन्मभर तो तुझाच आहे. आज तेवढं मला आधी जाऊ दे."

"दोन आठवडे म्हणजे?"

"मी नोकरीचा राजीनामा दिलाय आई. तुझ्याच विमानात माझं तिकीट आहे."

पलंगाशेजारी पाण्याची बाटली होती. मी ती उचलली, टोपण उघडलं, पुन्हा लावलं.

"कधी ठरवलंस?"

"झाला महिना."

"आणि तिला माहीत होतं? महिनाभर?"

"तिला पहिल्यांदा सांगितलं."

"मला नाही."

"तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" तो म्हणाला. "तिच्या घरात बसून पेढे वाटले असतेस. तिच्यासमोर पप्पांना फोन लावून ओरडून सांगितलं असतंस. मला ते तिथं नको होतं. विमानात बसलो की सांगणार होतो."

मी वाटले असते. पेढे मिळाले नसते तर साखर वाटली असती. ज्यासाठी समुद्र ओलांडून आले होते ते झालं होतं, माझा मुलगा परत येत होता, आणि मला ओरडून ते कुणाला सांगावंसं वाटत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की महिनाभर त्या ठेंगण्या स्टुलावर बसून दोघं जे बोलत होती ते हे होतं. तो जाणार आहे हे. आणि मी वर पडून ऐकत होते आणि समजत होते की ती त्याला थांबवतेय.

"तिनं अडवलं नाही तुला?"

"नाही. चार दिवस बोलली नाही माझ्याशी. मग म्हणाली, आईला इकडं बोलावून घे, मला बघायचीय."

"कशाला?"

"विचारलं नाही मी."

दिवस कलल्यावर नर्सनं आम्हा दोघींनाही घालवून दिलं. परत येताना गर्दी तेवढीच होती, पण मा तू हळू चालवत होती. कालव्याच्या कडेनं जाताना माझ्या हाताला तिचं पोट हलल्यासारखं लागलं. आधी वाटलं, खोकतेय. मग कळलं. हेल्मेट आणि फडक्यामुळं बाजूनं जाणाऱ्या कुणालाच ते दिसत नव्हतं. मी हात तिथंच ठेवले.

पुढं तिनं रसवाल्यापाशी गाडी लावली. आपल्यासारखाच उसाचा रस, फक्त त्यात लहान आंबट फळं पिळतात. तिनं पश्चिमेकडं बोट केलं. सूर्य इमारतींमागं अजून होता. मग ग्लास माझ्या हातात दिला आणि पी पी म्हणून खूण केली. दिवस मावळल्यावर मी काही घेत नाही, हे तिला समूनं सांगितलं असणार. आणखी काय काय सांगितलं असेल, कोण जाणे.

आम्ही रस्त्याकडं तोंड करून बसलो. तिनं फोन काढून मला एक फोटो दाखवला. तिच्या दुकानात बसलेला समू, दाढी वाढलेला, हडकलेला, डोळे खोल गेलेले. नव्यानं आला असेल तेव्हाचा. फोनवर तो मला तेव्हा सांगायचा, "मी मस्त आहे आई." त्या फोटोतला माझा मुलगा मी कधी बघितलाच नव्हता. तिनं बघितला होता, आणि खाऊ घालून माणसात आणला होता. मी तो फोटो बराच वेळ बघत राहिले. तिनं फोन परत मागितला नाही, आणि मलाही तो देववत नव्हता.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

तिनं काहीतरी उत्तर दिलं. कशाचं दिलं ते मला आजही ठाऊक नाही. समूलाही मी ते विचारलं नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे मी सकाळी कारखान्याची वेळ झाली की वरच राहायची. त्याला आता कारखाना नव्हता, पण हात बांधलेला असल्यामुळं शर्टाची बटणं तिच्याकडून लावून घ्यायला तो खाली जायचा. मी लावून दिली असती. मी पायरीवर उभी राहायची आणि खाली जायची नाही. एवढंच मला जमलं. त्यापेक्षा मोठं मन माझ्याकडून झालं नाही, आणि ती पंधरा मिनिटं मला जड जायची.

निघायच्या दिवशी ती विमानतळावर आली नाही. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिनं समूची कॉलर सरळ केली, मला हात जोडले आणि दुकानात जाऊन कप विसळायला लागली. समूनं दारातून हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही. गिऱ्हाइकं होती, कप भराभर लागत होते.

विमानतळावर माझ्या सामानाचं, पासपोर्टाचं, सगळं एका हातानं करत होता. मी म्हणाले, "समू, रडायचं असलं तर रड की. मी काही म्हणणार नाही."

"नाही आई. ठीक आहे मी."

विमानात त्यानं मला खिडकीशी बसवलं, मग म्हणाला, खिडकी मला दे. आम्ही जागा बदलली. विमान उडालं, शहर खाली राहिलं, त्या सगळ्या गाड्यांसकट. तो काचेला कपाळ लावून बसला होता. मग माझ्याकडं न वळता त्यानं विचारलं, "तुला झोप येतेय काय?"

मला झोप येत नव्हती. पण पोरगं काय विचारतंय ते मला कळलं.

"येतेय की," मी म्हणाले. "कालपासून डोळा लागला नाही." मी पदर डोक्यावरून ओढून घेतला, मान बाजूला टाकली आणि डोळे मिटले.

थोड्या वेळानं त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून हलायला लागला. आवाज नव्हता. मग एकदा आला, त्यानं दाबला, पुन्हा आला. माझ्यासाठी हा कधी असा रडला होता काय, ते मी आठवत होते. घर सोडून गेला तेव्हा हसत गेला होता. दोन्ही दिवाळ्यांना परत निघाला तेव्हाही हसतच. मला काही आठवेना. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटत होतं. पण मग त्याला थांबावं लागलं असतं.

कुणीतरी पाणी विचारायला आलं. "माझी आई झोपलीय," त्यानं घोगऱ्या आवाजात सांगितलं. त्याचं रडून होईपर्यंत मी झोपेतच राहिले.